मैदानाकडे पाठ

कोल्हापूर
१२ मार्च २०२५

प्रिय शांताक्का,

शरणु शरणार्थी.

तुझं पत्र प्रभुदादानं काल लॅबमध्ये आणून दिलं आणि वर म्हणाला, "आईनं वाचू नको म्हटलंय, म्हणून निम्मंच वाचलंय." तुझ्या या लेकाच्या हातात पत्र देताना पाकिटाला डिंक लावत जा. रोज कबनूर-कोल्हापूर ये-जा करणारा फुकटचा पोस्टमन मिळालाय खरा, पण फुकटचा पोस्टमन असाच असायचा. मागांच्या खडखडाटानं तुझे कान नेले नसते तर मी फोनच केला असता. आता तुला फोनवर काही सांगायचं म्हणजे अख्ख्या लॅबला सांगावं लागतं.

तू विचारलंयस, शनिवार-रविवार घरी का येत नाही. अप्पांना मी लॅबमध्ये काम वाढलंय म्हणून सांगितलंय. आत्याला खरं सांगते. मी अग्निशमन केंद्रात स्वयंसेवकांचं प्रशिक्षण घेतेय. पगार नाही, नोकरी नाही. आग लागली तर बंब येईपर्यंत काय करायचं, आणि बंब आल्यावर जवानांच्या पायात न येता त्यांना मदत कशी करायची, ते शिकवतात. जोतीराममामाचं सुताचं गोदाम पेटलं तेव्हा गल्ली अरुंद म्हणून बंब तोंडाशीच अडकला होता, आठवतं? आपली सगळी माणसं बादल्या घेऊन धावत होती आणि एकमेकांच्याच अंगावर पाणी ओतत होती. तेव्हापासून डोक्यात होतं.

आमचे विजयसिंह सर फार कडक आहेत. सरांनी प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी अडकवली आहे. तीन लांब शिट्ट्या म्हणजे जागा रिकामी करा. सर म्हणतात, "आग दिसली की आधी शिट्टी, मग पाणी. इचार करत हुबं ऱ्हायला, तो बघ्या." गर्दीत बंदोबस्ताला उभं राहिलं की तोंड माणसांकडे ठेवायचं, मग पाठीमागे काहीही चालू असू दे. सरांनी मागच्या रविवारी मला पाईप गुंडाळायला लावला, आणि नीट जमला नाही म्हणून सगळा परत उलगडायला लावला. तरी सर मनानं चांगले आहेत.

अप्पांना बोलू नको. तू काळजी करशील हे मला माहीत आहे, पण लपवून मलाच झोप लागत नव्हती.

तुझी
शांभवी

*

कबनूर
१४ मार्च

चि. शांभवीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. आग हा शब्द आला तिथे थांबले, पाणी प्यायले आणि मग पुढचं वाचलं.

पोरी, तुझी आई गेल्यावर मी तुला चुलीपासून हातभर लांब बसवून वाढवली. गोदाम पेटलं त्या दिवशी तू ओलं पोतं घेऊन आत शिरलीस आणि वेणीचं टोक जाळून बाहेर आलीस. ती वेणी मी कात्रीनं कापली तेव्हा मी भ्यालेले होते, तुला वाटलं रागावलेय. आणि आता तू तेच शिकायला जातेस, तेही हौसेनं. मी काय म्हणू? म्हणून ऐकणार आहेस का?

दुसरी गोष्ट. माझे कान गेलेत, डोळे नाहीत. तुझ्या पत्रात पाईप एकदा येतो, पाणी दोनदा येतं, आणि सर मात्र ओळीओळीला. सर कडक, सर चांगले, सरांनी शिट्टी दिली. मला काय समजायचं ते समजलं. वय काय सरांचं? जात काय? घरी कोण आहे? प्रशिक्षण सुटीच्या दिवशीच का असतं, हेही आता कळलं.

हे सगळं मी चेष्टेवारी नेलं असतं, पण अप्पांनी इकडे गाडी पुढे नेली आहे. निपाणीचे पाहुणे पाडव्याला तुला बघायला येणार आहेत. आपल्यातलेच लिंगायत आहेत, मुलगा बँकेत आहे, फोटोत तरी बरा दिसतो. तुला आधी विचारावं असं मी म्हटलं तर अप्पा म्हणाले, "आधी बघू तरी दे, मग इचारू." तुझे अप्पा म्हणजे माझा धाकटा भाऊ, पण आता तो माझंही ऐकत नाही. तुझ्या मनात कोणी असेल तर पाडव्याच्या आत सांग. नंतर मला काही करता येणार नाही.

तुझी
शांताक्का

ता. क. पाकिटाला डिंक लावला आहे. तरी प्रभूचं तोंड बघून घे.

*

कोल्हापूर
१८ मार्च

प्रिय शांताक्का,

सरांना दोन मुली आहेत आणि मोठी माझ्याएवढी आहे. दुपारी त्यांच्या बायकोनं दिलेला डबा ते आम्हा सगळ्यांना वाटून खातात. तुझ्या डोक्यातून ते काढून टाक.

पण तुला आलेला वास अगदीच खोटा नाही. कोणी तरी आहे. सरांचं एवढं लिहिलं ते त्याचं लिहायचं नव्हतं म्हणून.

नाव आत्ता लिहीत नाही. बिद्रीला साखर कारखान्यात नोकरी करतो, राहतो इथेच. आपल्यातला नाही, मराठा आहे. माणूस सरळ आहे, फक्त घरात त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. वर्षभर मला सांगतोय, "आबास्नी बोलतो की." त्याच्या वडिलांना सगळी पेठ मानते आणि तो त्यांच्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नाही. आधी दिवाळी होऊ दे म्हणाला, मग बहिणीचं लग्न होऊ दे म्हणाला. आता म्हणतो, हा रविवार होऊ दे, सोमवारी नक्की. अक्का, तो बोलणार की नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर माझा जीव टांगलेला आहे. तो बोलला तर मी अप्पांसमोर उभी राहीन. तोच बोलला नाही तर मी कोणाच्या जोरावर उभी राहू?

रविवारी आमचीही परीक्षाच आहे. फुटबॉलची फायनल आहे, चांदणी तालीम विरुद्ध गजेंद्र तालीम; इथे पेठेपेठेच्या तालमींचेच संघ असतात. आठवडाभर गावात दुसरं बोलणं नाही. मी जिच्याकडे राहते त्या बायडाबाईंची गल्ली गजेंद्रची, दारादारावर निळे झेंडे लागलेत. सर आम्हाला जवानांबरोबर स्टेडियमवर उभं करणार आहेत. नुसतं उभं राहायचं आहे, काळजीचं काही नाही.

पाडव्याचं अप्पांना जरा लांबव. सोमवारी मी तुला काय ते कळवते.

तुझी
शांभवी

*

कबनूर
२० मार्च

चि. शांभवीस आशीर्वाद.

सर नव्हेत म्हणतेस, बरं. कोणाला दोन मुली असतात म्हणून का माणूस भला होतो? बिद्रीच्या त्या बिननावाच्या पोरावर माझा विश्वास बसेना, पण मी आता बोलत नाही.

अप्पा काही लांबवत नाहीत. निपाणीला निरोप गेला.

रविवारी मला मठात महाप्रसादाला जायचं आहे, दिवसभर घरी नाही. तू नुसतं उभं राहायचं म्हणालीस, तेवढंच कर.

शांताक्का

*

कोल्हापूर
२४ मार्च, सोमवार

प्रिय शांताक्का,

मी सुखरूप आहे, हे आधी लिहिते. आता बाकीचं शांतपणे वाच.

शनिवारी केंद्रात खरी आग विझवायला दिली. पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलं होतं. तोंडावर झळ आली तशी मला जोतीराममामाचं गोदाम आठवलं आणि पाय जागचे हलेनात. सर मागून एवढंच म्हणाले, "वाऱ्याकडं पाठ कर आन् चल." मी गेले आणि विझवली. संध्याकाळी कळंब्याच्या तलावावर त्याला भेटले. आता नाव सांगते, धैर्यशील. तो चांदणी तालमीचा गोलकीपर आहे. त्याचे वडील अमरसिंह त्याच तालमीचे अध्यक्ष, आणि तरुणपणी तेही गोलकीपरच होते. त्याला दुसऱ्या दिवशीच्या मॅचची धास्ती आणि मला सोमवारची. मी म्हटलं, हरलात तरी बोलशील ना? तो म्हणाला, "हारत न्हाय आम्ही." मी विचारलं काय आणि तो बोलला काय.

काल स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी, घुमकं, निळे आणि पिवळे झेंडे. बायका-मुलांसाठी गोलच्या मागच्या बाजूला बांबू बांधून कापडी मांडव घातला होता. माझी जागा त्या मांडवापुढे. सरांनी सांगितल्याप्रमाणे माझं तोंड बायकांकडे आणि पाठ मैदानाकडे. दुसऱ्या हाफमध्ये चांदणीचा गोल माझ्या पाठीमागे आला. म्हणजे धैर्यशील माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता आणि मी त्याला बघू शकत नव्हते. शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि दोन्हीकडे गोल नव्हता.

कुठून तरी रॉकेट आलं ते मला कळलं नाही. त्या गोंगाटात कोणी तरी ओरडल्यासारखं वाटलं म्हणून मी मान वर केली, तर मांडवाच्या छताला भोक पडून त्याच्या कडेनं ज्वाळा फिरत होती. खाली पोरं चुरमुरे खात बसली होती. मी तीन शिट्ट्या मारल्या. नंतरचं सलग आठवत नाही. बायका उठेनात, त्यांना वाटलं मी नुसतं जरा सरका म्हणतेय. एकीचं पोर मी उचललं तेव्हा त्या सगळ्या धावल्या. सर आणि जवानांनी दोऱ्या कापून कापड खाली ओढलं आणि विझवलं. एका म्हातारीचं कोपर खरचटलं, बाकी कोणाला काही नाही. लांबच्या लोकांना तर नुसता धूर दिसला.

मग मी मैदानाकडे वळले. गजेंद्रची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होती आणि धैर्यशील गोलसमोर गुडघ्यावर बसला होता.

झालं असं म्हणतात की बॉल लांब मैदानाच्या मध्यावर होता. गजेंद्रच्या एकानं बघितलं की गोल मोकळा आहे आणि तिथूनच मारला. धैर्यशीलला त्याच्या पोरांनी घेरलं. तो म्हणाला, "शिट्टी वाजली, मला वाटलं रेफ्रीनं खेळ थांबवला." रेफ्री म्हणाले, मी वाजवलीच नाही, गोल धरला. एक शून्य. संपलं.

अक्का, ती शिट्टी माझी होती.

चांदणीवाल्यांनी ठरवलं की ती गुंडूकाकांची. गुंडूकाका आमच्या गल्लीत भेळेची गाडी लावतात, गजेंद्रचे जुने पाठीराखे, आणि मॅचमध्ये शिट्टी वाजवल्याबद्दल त्यांना याआधी दोनदा बाहेर काढलंय. काल काही पोरांनी त्यांची गाडी उलथी केली. काच लागून त्यांच्या हाताला टाके पडले. आज दोन्ही पेठांत पोरं घोळक्यानं उभी आहेत.

धैर्यशीलचा फोन आला. म्हणाला, "शिट्टीचं कुणाला बोलू नको. चार दिवसांत थंड होतंय बघ सगळं." घरी बोललास का, हे मी विचारलंच नाही. कोणत्या तोंडानं विचारू? माझ्या शिट्टीनं त्याची फायनल घालवली. पाठ होती म्हणून मी काहीच पाहिलं नाही.

काय करू ते सांग. लवकर सांग.

शांभवी

*

कोल्हापूर
२६ मार्च

प्रिय शांताक्का,

तुझं उत्तर नाही. प्रभुदादा म्हणतो, तू लिहायला बसतेस आणि उठतेस. एवढी रागावलीस का?

मी वाट पाहिली नाही. काल गुंडूकाकांकडे गेले. हाताला पांढरी पट्टी, दारात गाडीचं मोडकं चाक. त्यांना मी शिट्टीचं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी शिट्टी घरातच इसरलोतो. पर कोण ऐकतंय?" त्यांच्या बायकोनं मला चहा दिला, तो तसाच ठेवून मी उठले.

मग मी सरांना घेऊन संध्याकाळी चांदणी तालमीत गेले. तालमीच्या अंगणात बाईमाणूस सहसा जात नाही, सगळे उठूनच उभे राहिले. मी सांगितलं, शिट्टी गुंडूकाकांची नव्हती, माझी होती, मांडव पेटला म्हणून वाजवली. गलका झाला. कोणी तरी विचारलं, "ऱ्हातीस कुठं तू?" मी म्हटलं, गजेंद्रच्या गल्लीत. मग काय विचारतेस. मी मुद्दाम केलं म्हणाले, गजेंद्रवाल्यांनी मला उभं केलं म्हणाले. सर मोठ्यानं म्हणाले, "शिट्टी मी शिकवलीया. उद्या परत पेटलं तर परत वाजवंल ती." अमरसिंहांनी हात वर केला तेव्हा सगळे गप्प झाले. ते म्हणाले, "गुंडूला कुणी हात लावायचा न्हाय हितनं पुढं. आन् तुम्ही जावा पोरी, परत हिकडं येऊ नका."

धैर्यशील भिंतीला टेकून उभा होता. खाली बघत होता. मला शिव्या पडत होत्या तेव्हाही खालीच बघत होता. त्यानं एक शब्द बोलायला हवा होता, अक्का. "हिला मी ओळखतो" एवढं जरी म्हणाला असता तरी मी जन्मभर पुरवलं असतं.

त्याच्यावर मी चिडूही शकत नाही, कारण नुकसान त्याचंच झालं. पण ज्याला आज बोलता आलं नाही त्याला उद्या काय येणार? मी पाडव्याला येते. निपाणीच्या पाहुण्यांना येऊ दे. बँकेतला तर बँकेतला.

शांभवी

*

कबनूर
२७ मार्च

चि. शांभवीस आशीर्वाद.

रागावले नाही. लाजले होते. आता लिहिते.

मी रविवारी मठात गेले नव्हते. प्रभूला घेऊन कोल्हापूरला आले होते, तुझे सर बघायला. तू नाही म्हणालीस म्हणूनच जास्त संशय आला. स्टेडियमच्या दारात त्यांना पाहिलं. मिशा पिकलेल्या, पोट सुटलेलं, आणि बायको पदरानं त्यांच्या शर्टावरचा डाग पुसत होती. मी मनातल्या मनात त्या माउलीची माफी मागितली. परत फिरणार होते, पण तू दिसलीस. खाकी टोपी, गळ्यात शिट्टी. प्रभू म्हणाला, आलोच आहोत तर बसू. बाजूच्या पायऱ्यांवर जागा मिळाली, तुझ्यापासून लांब, पण समोर.

तिथे हलगी वाजत होती म्हणतेस. माझ्यासाठी सगळं मुक्याचंच होतं. सगळं गाव त्या बॉलच्या मागे माना फिरवत होतं आणि मी तुझ्यावरची नजर काढली नाही. तू नुसती उभी राहतेस की आगीत शिरतेस, हे बघायला बसले होते ना मी.

तुझ्यावर नजर ठेवणारं तिथे आणखी एक जण होतं. पिवळ्या शर्टातला तो गोलकीपर. बॉल लांब गेला की त्याची मान मागे वळायची. एकदा वळली, दोनदा वळली. प्रभूला मी म्हटलं, हा पोरगा फुटबॉल खेळतोय की शांभवीची राखण करतोय? प्रभू हसला आणि त्यानं जीभ चावली. त्याला सगळं माहीत होतं, त्याचं मी घरी बघितलं.

आता नीट वाच. रॉकेट मांडवावर पडलं ते तुला दिसलं नाही, तू छताच्या अगदी पुढ्यात होतीस. त्याला दिसलं. त्याची मान मागेच होती. गोल सोडून तो तुझ्याकडे धावला, दोन्ही हात वर करून ओरडत. काय ओरडला ते मला कसं कळणार, पण तोंड एवढं उघडं होतं. मग तू वर बघितलंस. मग शिट्टी तोंडात घातलीस. तोवर तो गोलपासून पार लांब आला होता आणि बॉल त्याच्या पाठीमागून आत जात होता. तू बायकांना हलवलंस, मग तो परत फिरला आणि गोलसमोर खाली बसला. तू वर बघितलंस ते ज्याच्या ओरडण्यानं, तो कोणी तरी म्हणजे तोच.

तुझ्या शिट्टीनं काही गेलेलं नाही. फायनल त्यानं स्वतः सोडली, तुझ्यासाठी. आणि मग वडिलांपुढे, पोरांपुढे पोरीकडे बघत होतो असं सांगायची लाज वाटली, म्हणून शिट्टीचं नाव पुढे केलं. एवढ्यानं कोणाचा हात फाटेल हे त्याला माहीत नसणार. पण फाटल्यावर तरी बोलायला हवं होतं.

हे तुला सांगू की नको, याच्यात माझे दोन दिवस गेले. सांगितलं तर तू त्याच्याकडे परत जाशील, आणि घरात तोंड न उघडणाऱ्या माणसाशी संसार कसा होतो ते मला माहीत आहे, मी केलाय. नाही सांगितलं तर तू आयुष्यभर स्वतःला दोष देत राहशील. शेवटी तुझ्यावरचा दोष उतरवणं मला जास्त जरुरीचं वाटलं.

आता काय करायचं ते तू ठरव.

शांताक्का

*

कोल्हापूर
२९ मार्च

प्रिय शांताक्का,

तुझं पत्र मी लॅबच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच रडले. त्याला भेटले. पत्राचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, त्या दिवशी कोण ओरडलं? तो म्हणाला, "मी." त्याचे डोळे भरले. मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं आणि मी गेले नाही. म्हटलं, हे मला एकटीला सांगून चालणार नाही. गुंडूकाकांच्या दारात सांग, तालमीत सांग. नसेल जमत तर मला फोन करू नको.

त्याचा फोन आलेला नाही. उद्या पाडवा. मी येऊ शकत नाही, अक्का. पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी धरून बसले तर माझं तोंडच सगळं सांगेल. अप्पांना तू सांभाळ. मला एकच भीती आहे, तो बोलणारच नाही.

शांभवी

*

कबनूर
३१ मार्च

चि. शांभवीस आशीर्वाद.

तू आली नाहीस म्हणून अप्पा सकाळपासून लाल झाले होते. गुढी उभारतानासुद्धा माझ्याशी बोलले नाहीत. निपाणीचे पाहुणे वेळेवर आले, आईवडील आणि मुलगा. मुलीला ताप आहे असं मी सांगितलं. दुसऱ्यांचे ताप तपासणाऱ्या लॅबमधल्या पोरीला ताप, हे मलाच पटत नव्हतं. तरी श्रीखंडाच्या वाट्या दिल्या आणि बसलो सगळे.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. पुढे तो गोलकीपर, आणि मागे हाताला पट्टी बांधलेला एक पोक्त माणूस. तो माणूस आत येऊन म्हणाला, "पावणं, मी गुंडू. साक्षीला आलोय." कसली साक्ष ते कोणालाच कळेना. मग ते दोघं बोलत गेले आणि प्रभूनं एका कागदावर मला भराभर लिहून दाखवलं. शनिवारी संध्याकाळी धैर्यशील गुंडूच्या दारात गेला, त्याला घेऊनच तालमीत गेला आणि सगळ्यांपुढे बोलला. शिट्टी नंतर वाजली, मी आधीच गोल सोडला होता, त्या पोरीला सावध करायला. आणि ती पोरगी माझी कोण, तेही बोलला. त्याचे वडील उठले आणि म्हणाले, "हातमोजं ठेव हितं." त्यानं ठेवले. तेव्हापासून ते त्याच्याशी बोललेले नाहीत.

मी त्याला म्हटलं, इकडे कशाला आलास? तो माझ्यासमोर खाली बसला आणि हळूच काहीतरी म्हणाला. ओठांवरून मला पहिल्याच वेळी कळलं, पोरी. इतकी वर्षं मागांवर ओठ बघूनच तर बोललो आम्ही बायका. पण मी कानाला हात लावला आणि म्हटलं, ऐकू येत न्हाय. त्यानं जरा मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, न्हाय बाबा. मग तो उठून उभा राहिला आणि छाती भरून म्हणाला, "मला शांभवीशी लगीन करायचंय." पाडव्याला माग बंद असतात. प्रभू म्हणतो, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं. समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. निपाणीची बाई हातातली वाटी घेऊन तशीच थांबली, मग नवऱ्याला म्हणाली, "श्रीखंड संपवा आन् चला." भली बाई होती, जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेली.

अप्पा आतल्या खोलीत जाऊन बसले. जेवले नाहीत. आज सकाळी मात्र मागावर बसायच्या आधी त्यांनी पाटीवर मला लिहून विचारलं, "तो कारखान्यात काय काम करतो?" मी उत्तर दिलं नाही, म्हटलं तूच विचार त्याला. गुंडूनं मात्र काल दोनदा श्रीखंड मागून घेतलं. त्या पोरानं एक चमचाही खाल्ला नाही.

आता मला आगीपेक्षा याची जास्त भीती वाटते. त्याचे आबा कधी बोलतील सांगता येत नाही, कदाचित कधीच नाही. अप्पा ऐकतील की नाही, माहीत नाही. मराठ्याच्या घरात तुला आयुष्यभर गजेंद्रच्या गल्लीची, शिट्टीवाली म्हणतील. हे सगळं तू बघून घे आणि मगच ठरव. त्यानं त्याचं सांगितलं. तुझं मी अजून ऐकलेलं नाही.

हे वाचलंस की उत्तर लिहीत बसू नको. प्रभूबरोबर संध्याकाळच्या गाडीनं ये, अप्पांच्या आणि माझ्यासमोर उभी राहा, आणि तुला काय हवंय ते मोठ्यानं सांग.

तुझी
शांताक्का